कॉलनीची बाग सुधारायची आहे आणि सूचना साठ आल्यात: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगर भागात एका कॉलनीची साधारण २० गुंठ्यांची बाग आहे. झोके तुटलेत, हिरवळ करपली आहे, अंधार पडला की मागच्या कोपऱ्यात बाटल्या दिसतात. रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओपन जिम, कारंजं, योगा शेड, बॉक्स क्रिकेट, छोटं मंदिर, सेल्फी पॉइंट अशा साठेक सूचना जमल्या आहेत. महापालिकेच्या विभागीय कार्यालयाने ‘सगळ्यांची मिळून एक मागणी द्या’ असं सांगितलं आहे. ती कशी तयार करायची?

ग्रुपवरची यादी सध्या बाजूला ठेवा. ‘बागेत काय हवं?’ असं विचारलं की लोक दुसरीकडे पाहिलेल्या वस्तूंची नावं सांगतात. त्यापेक्षा विचारा की तुम्ही बागेत किती वाजता येता, आल्यावर काय करता, आणि येणं सोडलं असेल तर कशामुळे सोडलंत. चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, पण तो पहिल्याच बैठकीत यायला हवा: जे काही बसवू त्याला पाणी, झाडू आणि पाना कोण लावणार? नवीन कामाला निधी कुठून ना कुठून मिळतो. तीन वर्षांनी झोक्याच्या साखळीचा हूक बदलायला मात्र कुणाकडे पैसे नसतात, आणि बाग तिथून उतरणीला लागते.

त्याआधी कागद. बागेची जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. नाशिकमधल्या अशा बऱ्याच बागा मंजूर लेआउटमधल्या ‘खुल्या जागा’ आहेत. काही विकास आराखड्यातल्या आरक्षणाच्या जागा आहेत. दिसायला दोन्ही सारख्या, पण लेआउटची खुली जागा महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेली नसेल तर तिच्यावर खर्च टाकताना लेखा विभाग हरकत घेऊ शकतो. मंजूर लेआउटचा नकाशा नगररचना विभागातून काढा, सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा घ्या. नकाशावरची मापं घेऊन टेपने जागा मोजा. कडेच्या बंगल्याची भिंत दोन-तीन फूट आत आलेली असणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो चालण्याच्या ट्रॅकची आखणी झाल्यावर कळला तर काम तिथेच अडतं.

माहिती अधिकारात एक अर्ज करा, १० रुपये शुल्क आहे. त्यात दोनच गोष्टी मागा: या बागेच्या देखभालीचा चालू कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश), आणि त्यातल्या कामांची यादी. हिरवळ किती दिवसांनी कापायची, पाणी आठवड्यातून किती वेळा द्यायचं, किती माणसं लावायची हे त्यात लिहिलेलं असतं. कधी कधी असं निघतं की बागेची निम्मी दुखणी नवीन आराखड्याची नसून आधीच ठरलेलं काम होत नसल्याची आहेत. तसं असेल तर बैठकीआधी ते काम करून घ्या. स्वच्छ बागेत बसून लोक वेगळ्या सूचना देतात.

नासर्डी, वाघाडी, वालदेवी किंवा गोदावरीच्या काठची बाग असेल तर पूररेषा तपासल्याशिवाय शेडचा विषयही काढू नका. निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम मंजूर होत नाही. तिथे काढून नेता येतील अशी बोल्टची बाकं, भरीव पाया असलेले खांब आणि पुराच्या पातळीच्या वर बसवलेलं वीजमीटर एवढाच व्यवहार ठेवायचा.

मग मोजणी. एका कागदावर चौकटी आखा: आडव्या रांगेत वेळा, उभ्या रांगेत माणसं. वेळा चार पुरतात: सकाळी ६ ते ८, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७, रात्री ८ ते ९:३०. माणसांत लहान मुलं, शाळकरी मुलगे, शाळकरी मुली, तरुण, बायका, पुरुष, ज्येष्ठ असे गट करा. एक कामाचा वार आणि एक रविवार, दर अर्ध्या तासाला एक फेरी मारून खुणा करायच्या. शेजारी बागेचा हाती काढलेला नकाशा ठेवा आणि कोण कुठे थांबतं तिथे ठिपका द्या. दहावीतली दोन मुलं हे काम व्यवस्थित करतात. यातून हमखास दोन गोष्टी बाहेर येतात. एक, दुपारी एका घरचं काम आटोपून दुसऱ्या घरी जाण्याआधी डबा खायला बसणाऱ्या घरकामाच्या बाया आणि सोसायट्यांचे वॉचमन. यांच्यातलं कुणीच ग्रुपवर नसतं. दुसरी, बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलींचा रकाना जवळजवळ रिकामा असतो. तो का रिकामा आहे हे त्या मुलींनाच विचारावं लागतं, आणि सर्वांसमोर विचारून चालत नाही.

म्हणून एकच मोठी सभा घेऊ नका. सभेत ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे-तिघे आणि मंडळाचे कार्यकर्ते बोलतात, बाकीचे माना डोलावतात. दहा-बारा जणांचे वेगवेगळे गट करा आणि प्रत्येकाला बागेतूनच फिरवा. बायकांचा गट दुपारी तीननंतर, क्रिकेट खेळणारी पोरं संध्याकाळी त्यांच्या खेळाच्या वेळेला, ज्येष्ठ सकाळची फेरी संपल्यावर. क्रिकेटवाल्या पोरांना बहुधा कुणी बोलवत नाही, आणि बागेचा सर्वांत जास्त वापर तेच करतात. त्यांना विश्वासात न घेता पिचच्या जागेवर फुलझाडांचा वाफा केला तर तो महिनाभरात तुडवला जाईल. २० गुंठ्यांत वेगळं मैदान बसत नाही. एक मुरमाचा मोकळा पट्टा, फक्त टेनिस बॉल, घरांच्या बाजूला ३ मीटर उंचीची जाळी आणि ठरलेली वेळ एवढ्यावर ती तयार होतात, पण बोलणी त्यांच्याशी व्हायला हवी, त्यांच्या वडिलांशी नाही.

फेऱ्यांतून पुढे आलेल्या गोष्टींचा क्रम लावायला चिंचोके वापरा. उद्यान विभागाच्या किंवा बांधकामच्या अभियंत्याकडून प्रत्येक वस्तूचा दरसूचीप्रमाणे (ठरलेल्या सरकारी दरांप्रमाणे) अंदाज घ्या, त्यात तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च मिळवा आणि त्या प्रमाणात वस्तूला चिंचोके ठरवा. समजा बाक १, बागेतला दिवा १, जिमचं एक यंत्र २, वाळूसकट झोक्यांचा संच ४, कारंजं १०. प्रत्येकाला दहाच चिंचोके द्यायचे आणि वस्तूंच्या चित्रांसमोरच्या वाट्यांत टाकायला सांगायचं. कारंजं घेतलं की दुसरं काही घेता येत नाही, हे समजावून सांगायची गरज उरत नाही. लहान मुलांच्या वाट्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, म्हणजे त्यांचा कौल मोठ्यांच्या ढिगात बुडणार नाही. ग्रुपवरचं मतदान या कामाला अगदी कुचकामी आहे. तिथे अंगठा दाखवायला काही खर्च पडत नाही.

मंदिराची मागणी कुणीतरी करतंच. सार्वजनिक जागेत विनापरवाना नवीन धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. एवढं सांगून विषय थांबवा, चिंचोक्यांच्या यादीत तो घेऊच नका. झाडाच्या पारावर आणून ठेवलेल्या एखाद्या तसबिरीचा पुढे चौथरा होतो, म्हणून पार बांधतानाच विचार करा.

आराखडा कागदावर पक्का करण्याआधी तो जमिनीवर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखा. ट्रॅक, खेळाची जागा, बाकं, सगळं खऱ्या मापात. आठ दिवस तसंच राहू द्या, पुसट झालं की पुन्हा फक्की मारा. लोक आखलेल्या वळणावरून न जाता सरळ रेषेत कुठून कापून जातात ते दिसेल. गेटपासून समोरच्या गल्लीकडे पायवाट पडलीच असेल तर रस्ता तिथूनच द्या. तिथे हिरवळ लावून काटेरी तार ओढली तरी माणसं तिथूनच जाणार.

आता मुख्य खर्चाच्या गोष्टी, आणि त्यात पाणी सगळ्यांत वर. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज ४ ते ५ लिटर पाणी लागतं. ६०० चौरस मीटर हिरवळ म्हणजे दिवसाला सुमारे ३,००० लिटर, महिन्याला १० हजार लिटरचे नऊ टँकर. खाली बेसाल्टचा कातळ असल्याने बोअरचा भरवसा एप्रिल-मेमध्ये धरता येत नाही. याउलट ३० रोपांना प्रत्येकी ३० लिटर आठवड्यातून दोनदा दिलं तरी आठवड्याचं १,८०० लिटर होतं, हिरवळीच्या एका दिवसापेक्षा कमी. माझं मत स्पष्ट आहे: १०० ते १५० चौरस मीटरपेक्षा जास्त हिरवळ मागू नका, आणि तीही जिथे मुलं लोळतात तिथेच. बाकी जागेत झाडांची सावली, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि मुरूम. तपोवन किंवा आगरटाकळीसारख्या मलनिस्सारण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने आणता येत असेल तर ते झाडांना चालतं, मात्र ठिबकातून किंवा आळ्यातच द्यायचं. मुलं खेळतात तिथे तुषार लावून उडवायचं नाही.

चालण्याचा ट्रॅक हा ज्येष्ठांचा जिव्हाळ्याचा विषय आणि सर्वांत जास्त बिघडणारं काम. ५० बाय ४० मीटरच्या जागेत कडेने आत सरकून आखलेला ट्रॅक साधारण १६० मीटर भरतो; सव्वासहा फेऱ्यांचा एक किलोमीटर. रुंदी १.८ मीटर ठेवा, म्हणजे दोघं शेजारून चालतात आणि व्हीलचेअरही जाते. जमीन काळी असेल तर खरी गोम तिथे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे पेव्हर ब्लॉक लाटेसारखे वरखाली होतात. ठेकेदार वरची सहा इंच माती काढून खडी टाकतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ट्रॅक बसतो. काळी माती ३०० ते ४५० मिलिमीटर खोल काढायला लावा. मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवून भरा. त्यावर १०० मिलिमीटर खडीचा दाबलेला थर, मग २५ ते ४० मिलिमीटर वाळू आणि वर ६० मिलिमीटरचे ब्लॉक. पायी चालायला ६० पुरतात; टँकर किंवा ट्रॅक्टर जिथून आत येतो तिथे ८०. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब (कडेचा ठोकळा) हवाच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकत जातात आणि सांधे उघडतात. ट्रॅक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ७५ मिलिमीटर तरी उंच आणि एका बाजूला ५० ला १ एवढा उतरता ठेवा. वाळूच्या जागी क्रशरची कच वापरली तर तिच्यातली भुकटी ओल धरते आणि सावलीत शेवाळ येतं; घसरून पडतात ते ज्येष्ठच.

या खोदाईतून ४५ सेंटिमीटर खोलीला साधारण १३० घनमीटर, म्हणजे ४६ ब्रास काळी माती निघते. ती डंपरने बाहेर पाठवायचे पैसे अंदाजपत्रकात असतात. ते वाचवा. तीच माती खतात मिसळून वाफ्यांत घ्या, उरलेल्या मातीचा दीड-दोन मीटर उंचीचा, हलक्या उताराचा एक टेकाड करा. मुलं त्यावर घसरगुंडीपेक्षा जास्त खेळतात.

खेळाच्या जागेत नेहमीची चूक म्हणजे साहित्य कोपऱ्यात दाटीवाटीने बसवणं. झोक्याचा आडवा दांडा २.४ मीटर उंच असेल तर पुढे ४.८ आणि मागे ४.८ मीटर जागा पूर्ण मोकळी लागते. एवढी नसेल तर एक झोका कमी करा. प्रत्येक साहित्याभोवती १.८ मीटर पडण्याची जागा धरा आणि तिथे खाली काँक्रीट, ब्लॉक किंवा टणक मुरूम नको. धुतलेली गोल दाण्याची वाळू ३०० मिलिमीटर खोल हा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय आहे. १०० चौरस मीटरला साडेदहा ब्रासच्या आसपास लागते. क्रश सँड इथेही नको, ती दाबून फरशीसारखी घट्ट होते. वाळूत कुत्री-मांजरं घाण करतात हा आक्षेप खरा आहे, म्हणून रोज दाताळं फिरवणं आणि वर्षातून एकदा वाळूची भर टाकणं देखभालीच्या करारात लिहा. रबरी टाइल दिसायला छान, पण एप्रिलच्या दुपारी चटके देतात आणि सांध्यांतून कडा उचलतात. स्टीलची घसरगुंडी उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड करून बसवा. फायबरची असेल तर चिरेवर नजर ठेवा, त्यातून निघणारे तंतू कातडीत रुततात.

बाकं जास्त लागतात, पण कमी मागितली जातात. उंची ४५० मिलिमीटर, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. हात नसतील तर गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. दर ३० मीटरला एक, ट्रॅकपासून दोन फूट आत. नाशिकचा डिसेंबर-जानेवारी लक्षात घेऊन दोन बाकं पूर्वेचं कोवळं ऊन येईल अशी उघड्यावर ठेवा, बाकीची सावलीत.

बाटल्यांच्या कोपऱ्यावर लोक हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे, मागतात. हायमास्टने मधला भाग झगझगीत होतो आणि झाडाखालची सावली आणखी गडद. ४ मीटरचे खांब १२ ते १५ मीटर अंतरावर, एकसारखा मंद उजेड, हे जास्त कामाचं. जंक्शन बॉक्स जमिनीपासून दीड फूट तरी वर, कुलपाचा, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. दुसरी गोष्ट नजरेची: ट्रॅकलगतची झुडपं ३ फुटांच्या खाली आणि झाडांच्या फांद्या ७ फुटांच्या वर ठेवायच्या. सहा फुटी भरीव कंपाउंड काढून दोन फूट भिंत आणि वर ग्रिल केलं की रस्त्यावरून आतलं दिसतं. बसणाऱ्यांना आडोसा उरत नाही. मुलींच्या गटाने ‘येत नाही’ म्हणून दिलेली कारणं बहुतेक याच परिच्छेदात संपतात. गेट एकच असेल तर दुसरंही मागा, आत अडकल्यासारखं वाटत नाही. दुचाकी रोखायला लोखंडी फिरतं गेट लावतात आणि त्यात व्हीलचेअर व बाबागाडीही अडते. त्यापेक्षा एकमेकांसमोर सरकवलेले दोन कठडे, मध्ये १.२ मीटर.

झाडांत घाई करू नका. आधीची झाडं नकाशावर नोंदवा. तोडायची तर सोडाच, मोठी छाटणी करायची तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्या फायलीला वेळ जातो. खोडाभोवती एक मीटर त्रिज्येत काँक्रीट किंवा ब्लॉक येऊ देऊ नका. नवीन झाडांत कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, ताम्हण, बकुळ, जिथे ओल राहते तिथे अर्जुन. खेळाच्या जागेवर गुलमोहर नको, वाऱ्यात फांद्या मोडतात. सप्तपर्णी आणि कोनोकार्पस टाळा. गंगापूर रोडकडच्या नर्सऱ्यांत ६ ते ८ फुटी रोपं सहज मिळतात. घेताना पिशवीच्या तळाशी मुळांचा गुंता वळलाय का ते पाहून घ्या. खड्डे एक मीटर लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचे, माती आणि शेणखत दोनास एक, सोबत पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड. काळ्या जमिनीत खड्ड्याचा पावसाळ्यात हौद होतो, म्हणून तळाला मुरूम फोडून घ्या आणि रोप भोवतीच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच बसवा. लागवड पहिल्या सरीला नको. जमीन खोलवर भिजल्यावर, जूनअखेर ते जुलै. पुढचे तीन उन्हाळे पाणी.

यावरून कामाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मोजणी आणि बैठका नोव्हेंबर-डिसेंबरात, खोदाई आणि बांधकाम जानेवारी ते एप्रिल, लागवड जुलैत. कार्यादेश उशिरा निघाला म्हणून ट्रॅक जूनमध्ये सुरू होत असेल तर दिवाळीनंतरवर ढकला. ओल्या काळ्या मातीवर रोलर चालत नाही. आणि झाडं आधी, बांधकाम नंतर असा उलटा क्रम आला तर मिक्सरचं धुवण रोपांच्या आळ्यात जातं.

ओपन जिमबद्दल थोडंच: पाच-सहा यंत्रं पुरे, ती मुलांच्या जागेपासून दूर. बेअरिंग सीलबंद आणि सुटे भाग देण्याची अट निविदेत असू द्या. शौचालय मागण्याआधी किल्ली कुणाकडे आणि रोजची सफाई कुणाची ही दोन नावं लिहून द्या. नावं नसतील तर मागू नका. पालापाचोळा जाळण्याऐवजी १.२ मीटर व्यासाच्या जाळीच्या गोलात साठवा, अधूनमधून शेणकाला आणि पाणी शिंपडलं की चार ते सहा महिन्यांत खत होतं.

मागणीपत्र दोन पानांचं करा. पहिल्यावर मोजणीचा तक्ता आणि चिंचोक्यांचा क्रम, दुसऱ्यावर फक्कीने तपासलेला नकाशा. प्रत विभागीय अधिकारी, उद्यान विभाग आणि नगरसेवकांना द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा) पैसा आणायचा असेल तर कंपनी आणि महापालिका यांच्यातच करार होऊ द्या. रहिवाशांच्या खात्यात पैसे घेण्याच्या भानगडीत पडू नका. देखभालीत वाटा उचलायचा असेल तर नोंदणीकृत संस्था लागते, आणि करारात ‘देखभाल’ हा एकच शब्द नको. माळी कुणाचा, वीजबिल कुणाचं, पाण्याचं बिल कुणाचं, तुटलेलं साहित्य किती दिवसांत कोण दुरुस्त करणार, असं कलमवार लिहून घ्या.

निविदेत दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत खचलेले ब्लॉक, सैल बोल्ट, बंद दिवे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. मुदत कधी संपते ती तारीख कार्यादेशातून काढून गेटजवळच्या फलकावरच लिहा. संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो पावसाळा उलटल्यावर, ट्रॅकवर बादलीभर पाणी ओतून कुठे साचतं ते पाहा, झोक्यांचे हूक झिजलेत का ते तपासा, फोटोंसकट यादी उद्यान निरीक्षकांना द्या आणि पत्राची पोच घ्या.